प्रायश्चित्त कोणीं घ्यावें?

अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या एका भाच्यानें मध्यंतरीं एक छायाचित्र धाडलें. कंबरभर पाण्यांत तो उभा आहे, मागें तांबड्या खडकाचे उभे कडे आहेत, आणि त्याच्या ओल्या ओंजळींत हातभर लांबीचा एक मासा आहे. माशाच्या कुशीवर गुलाबी पट्टा ओढलेला. खालीं मजकूर : 'रेनबो ट्राउट. मिनिटाभरांत सोडून दिला.' घरांतील मंडळींनीं तें चित्र कौतुकानें हातोहात फिरविलें. तें आमच्या मावशींच्या हातीं गेलें, तेव्हां त्यांनीं चष्मा पुसला, माशाकडे निरखून पाहिलें आणि विचारलें, "खावचो नाय, तर धरल्यान कित्याक?"

मावशी मालवणकडच्या. जन्मभर त्यांनीं मासे घासाघीस करून विकत घेतले, साफ केले, रांधले आणि दहा माणसांना वाढले. मासा मारणें हें पाप आहे असें त्यांना कधीं वाटलें नाहीं, आणि वाटल्याचें सोंगहि त्यांनीं कधीं केलें नाहीं. हाच प्रश्न एखाद्या शाकाहारी गृहस्थानें विचारला असता तर आम्ही तो हंसण्यावारी नेला असता. कारण त्याचें उत्तर प्रश्नाच्या आधींच ठरलेलें असतें. परंतु ज्या बाईच्या हातून हजारों मासे विळीखालीं गेले, तिला सोडून दिलेल्या एका माशाची कणव यावी, ही गोष्ट आम्हांला सहजासहजीं बाजूस सारतां येईना. ज्या नदींत भाचा उभा होता तिची हकीकत पाहूं गेलों, तों मावशींचा प्रश्न एका माशापुरता राहिला नाहीं.

प्रथम ह्या खेळाविषयीं दोन शब्द. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. ह्या प्रकारांत आमिष मुळींच नसतें. बारीक गळावर दोरा व पिसें गुंडाळून माशीसारखा आकार करितात, आणि वजन गळांत नसून दोरींत असल्यामुळें ती दोरीच मागें-पुढें झुलवून पाण्यावर अलगद टाकावी लागते. लीज फेरी येथें, म्हणजे भाचा उभा होता तेथें, पाण्यांत चिलटांच्या जातीचे किडे विपुल आहेत. तेव्हां तेथील गळ तांदळाच्या कण्याहून फारसा मोठा नसतो. त्याला उलटा कांटाहि ठेवीत नाहींत, कारण मासा सोडून द्यावयाचा असतो. कौशल्य, एकांत, धीर, वाहतें पाणी! आयझॅक वॉल्टन ह्या इंग्रज ग्रंथकारानें १६५३ सालीं गळाच्या मासेमारीवर आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून चिंतनशील माणसाची करमणूक म्हणून इंग्रजी वाङ्मयांत तिला जो मान मिळाला, तो अगदींच अकारण नाहीं.

आतां नदी. तिचें नांव कोलोरॅडो. स्पॅनिश भाषेंत त्याचा अर्थ तांबडी. पूर्वीं ती खरोखरच तांबडी होती. उन्हाळ्याच्या तोंडीं डोंगरांतील बर्फ वितळून तिला पूर येई व पाण्याबरोबर अपरंपार गाळ वाही. हिंवाळ्यांत तिचें पाणी गोठणबिंदूच्या जवळ जाई आणि भर उन्हाळ्यांत २९ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापे. १९६३ च्या मार्च महिन्यांत ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले. हें धरण ७१० फूट उंच आहे, आणि त्याच्या मागचें पॉवेल सरोवर प्रथम पूर्ण भरण्यास १९८० साल उजाडावें लागलें. इतक्या खोल जलाशयांत गाळ तळाशीं बसतो. ऊन वरच्या थराला तापवितें, पण खालचा थर बारमहा थंडगार राहतो. वीज उत्पन्न करणाऱ्या चक्रांकडे जाणारें पाणी ह्या खोल थरांतून घेतात. परिणाम असा झाला कीं, धरणाखालीं १५ मैलांवरील लीज फेरीपाशीं, जेथें उन्हाळ्यांत खडकाला हात लावला तर चटका बसतो, तेथें आठ-दहा अंशांचें, कांचेसारखें स्वच्छ, हिमालयांतील ओढ्यांना शोभेल असें पाणी वाहूं लागलें. प्रशांत महासागराच्या कांठच्या थंड प्रवाहांतील ट्राउट मासा १९६४ पासून त्यांत आणून सोडला. त्याला तें मानवलें. अशा रीतीनें वाळवंटाच्या मधोमध, सिमेंटच्या भिंतीच्या पायथ्याशीं, ट्राउटची एक नामांकित नदी तयार झाली.

पण नदीचें पाणी बदललें म्हणजे नदीचे रहिवासीहि बदलतात. ह्या तांबड्या पाण्यांत लाखों वर्षें घडलेले कांहीं मासे होते, ते जगांत इतरत्र कोठेंहि नाहींत. एकाच्या मानेमागें मोठा उंचवटा असतो. त्याला तेथें 'हंपबॅक चब' म्हणतात, आपण कुबड्या चब म्हणूं. दुसरा कोलोरॅडो पाइकमिनो. तो सहा फूट लांबीपर्यंत वाढे आणि अंडीं घालण्याकरितां शेंकडों मैल प्रवास करी. गढूळ पाणी, प्रचंड पूर, तीव्र ऊन ह्यांना सरावलेल्या ह्या जीवांना शांत, थंड, निर्मळ पाणी हेंच संकट झालें. चबच्या विणीला सोळा अंशांच्या आसपास तरी ऊब लागते. ती मुख्य प्रवाहांत उरली नाहीं.

हें धरणाचें अनुषंगिक फळ झालें. परंतु त्याच सुमारास वरच्या अंगाला जें घडलें तें अनुषंगिक नव्हतें. ग्रीन ही कोलोरॅडोची मोठी उपनदी. तिच्यावर फ्लेमिंग गॉर्ज नांवाचें धरण पुरें होत आलें होतें, आणि नव्या सरोवरांत व त्याच्या खालच्या प्रवाहांत ट्राउट वाढवावयाचें ठरलें होतें. मूळचे मासे ट्राउटचें अन्न खातील, तेव्हां ते आधींच नाहींसे करावे, असा मत्स्यखात्यांनीं विचार केला. १९६२ च्या सप्टेंबर महिन्यांत ग्रीन व तिच्या उपनद्या मिळून ४४५ मैलांच्या प्रवाहांत रोटेनोन नांवाचें विष सोडण्यांत आलें. हें विष कांहीं वनस्पतींच्या मुळांपासून निघतें. त्यानें माशाच्या शरीराला प्राणवायूचा उपयोग करतां येत नाहीं व तो गुदमरतो. आपल्याकडेहि डोहांतील मासे गुंगविण्यासाठीं गेळफळ कुटून टाकण्याची रीत आहे. पण ती एका डोहापुरती, व पोटासाठीं. येथें नदीच्या नदी रिकामी करावयाची होती. खालच्या बाजूस डायनोसॉर नांवाच्या संरक्षित उद्यानाची हद्द लागते, तेथवर विष पोंचूं नये म्हणून वाटेंत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची व्यवस्था होती; ज्याचे जांभळे कण आपल्याकडे विहिरींत टाकीत, तेंच हें औषध. तें पुरें पडलें नाहीं. विष उद्यानांत शिरलें आणि तेथेंहि मासे मेले. रॉबर्ट रश मिलर ह्या मत्स्यशास्त्रज्ञानें ह्या उपक्रमाला विरोध केला होता. तो त्या वेळीं कोणीं मानला नाहीं.

ह्या कृत्याचा निवाडा आज घरबसल्या करणें फार सोपें आहे. आम्ही तो करणारच आहों. पण एक गोष्ट आधीं नमूद केली पाहिजे. तीं माणसें क्रूर नव्हतीं. चार कुटुंबांना सुटीच्या दिवशीं नदीकांठीं आनंद मिळावा, एवढाच त्यांचा हेतु. त्यांच्या बोलण्यांत ह्या मूळच्या माशांना एक नांव होतें, त्याचा भावार्थ 'हलके मासे' असा होतो. आमच्या मतें सगळें पाप त्या विशेषणांत आहे. कोणाला तरी एकदां 'हलका' म्हटलें कीं पुढची पायरी किती सहज चढतां येते, हें आपल्या समाजाला परक्या देशांतून शिकावयाची गरज नाहीं.

पुढें काळ पालटला. कुबड्या चब व पाइकमिनो ह्यांचीं नांवें १९६७ सालींच नामशेष होऊं घातलेल्या प्राण्यांच्या यादींत आलीं आणि १९७३ च्या कायद्यानें त्यांचें रक्षण करणें हें सरकारचें कर्तव्य ठरलें. ग्रँड कॅन्यनमध्यें, लीज फेरीच्या खालीं ६१ मैलांवर लिटल कोलोरॅडो नांवाची उबदार पाण्याची उपनदी मिळते. चबचें मुख्य आश्रयस्थान तेंच. परंतु ट्राउट खालीं पसरत पसरत तेथवर पोंचला होता, आणि तो चबचीं पिलें खातो किंवा त्यांचें अन्न तरी खातो, असा संशय होता. म्हणून २००३ पासून २००६ पर्यंत रात्रीं होड्यांतून पाण्यांत विजेचा प्रवाह सोडून मासे बधिर केले, निवडले, आणि सुमारें १९ हजार रेनबो ट्राउट मारून टाकले. त्यांचें खत केलें. ज्याच्यासाठीं ग्रीन नदीला विष दिलें होतें, त्याच माशाचें! चब त्या काळांत वाढले हें खरें. परंतु अवर्षणानें सरोवर खालावून पाणीहि त्याच वर्षांत कोमट झालें होतें, त्यामुळें चबांना ट्राउटच्या मरणानें तारलें कीं पाण्याच्या उबेनें, हें निश्चित सांगतां आलें नाहीं.

येथें एक अनपेक्षित हरकत आली. झुनी नांवाचे एक मूळ रहिवासी लोक न्यू मेक्सिकोंत राहतात. आपले पूर्वज ग्रँड कॅन्यनमधून ह्या जगांत वर आले व लिटल कोलोरॅडोच्या कांठानें चालत गेले अशी त्यांची श्रद्धा आहे. त्या प्रवासांत नदी ओलांडतांना आयांच्या हातून निसटलेलीं मुलें जलचर झालीं असें ते सांगतात. तेव्हां पाण्यांतील जीव म्हणजे त्यांचे आप्त. आणि तेहि नेमक्या त्या संगमावर, म्हणजे त्यांच्या तीर्थावर, हजारोंनीं मारले जात होते. २०१० सालीं त्यांच्या मंडळानें ठराव करून ह्या हत्येला विरोध नोंदविला. ट्राउट परका आहे, हा मुद्दा त्यांना मान्य नव्हता असें नाहीं; तो त्यांना निर्णायक वाटत नव्हता. जीव घेतला तर त्याचा उपयोग झाला पाहिजे. नुसता फेंकून देण्याकरितां घेतलेला जीव घेणाऱ्याला बाधतो, असें त्यांचें म्हणणें. महाड तालुक्यांत वाळणकोंडीचा डोह ज्यांनीं पाहिला आहे त्यांना ह्यांत नवल वाटणार नाहीं. तेथील मासे वरदायिनी देवीचे. त्यांना खाऊं घालतात, पण गळ कोणी टाकीत नाहीं. ते कोणत्या जातीचे व कोठून आले, हा प्रश्न देवीच्या दारीं कोणी विचारीत नाहीं.

मावशींचा प्रश्न आणि झुनी लोकांचा ठराव ह्यांत आम्हांला फारसें अंतर दिसेना.

तरीहि शास्त्रज्ञांची बाजू इतक्यानें उडत नाहीं. शास्त्रज्ञ जातींचा हिशेब ठेवतो आणि झुनी जीवांचा. ट्राउट आज जगभर कोठेंहि मिळेल. चब एकदां गेला कीं विश्व पालथें घातलें तरी परत येणार नाहीं. एकेक जीव तर मरावयाचाच आहे, पण जातीचा मृत्यु हा निराळ्या प्रकारचा मृत्यु आहे : त्यांत मेलेल्यांबरोबर न जन्मलेलेहि जातात. जो म्हणेल कीं कोणत्याहि जीवाला हात लावूं नका, त्याला हेंहि म्हणावें लागेल कीं चब मेला तरी चालेल. आणि तो मेला तर तो दैवानें नव्हे, आमच्या धरणानें मेला. हात न लावणें हा मार्ग १९६३ सालींच बंद झाला. म्हणून ट्राउट मारणें कांहीं प्रसंगीं अटळ असेल, हें आम्ही मान्य करितों. मात्र अटळ म्हणजे निर्दोष नव्हे, आणि अटळ आहे असें म्हणण्यापूर्वीं दुसरे सगळे उपाय करून पाहिलेले असले पाहिजेत.

ते पाहिले होते काय? येथें प्रायश्चित्ताचा विचार करावा लागतो. आपल्या धर्मशास्त्रांत प्रायश्चित्ताचे कडक नियम होते व त्यांत पळवाटाहि होत्या. ज्याला कृच्छ्र झेपत नसे त्याला प्रत्याम्नाय म्हणून गोदान सांगत. परंतु गाय स्वतःची किंवा स्वतःच्या पैशांची असावी लागे, शेजाऱ्याच्या गोठ्यांतील सोडून देऊन भागत नसे. कोलोरॅडोवर जें झालें तें नेमकें हें दुसरें होय. धरण माणसानें बांधलें, ट्राउट माणसानें आणला, आणि दोहोंचें प्रायश्चित्त ट्राउटनें घेतलें. धरणांतून निघणाऱ्या विजेंत मात्र त्या हत्येपायीं एका दिव्याचीहि घट झाली नाहीं.

२०२२ सालीं हें चक्र आणखी एक फेरा फिरलें. पॉवेल सरोवराची पातळी इतकी उतरली कीं, खोलांतील म्हणून घेतलें जाणारें पाणी आतां पृष्ठभागाजवळचें कोमट येऊं लागलें, आणि त्याबरोबर सरोवरांतील स्मॉलमाउथ बास नांवाचा खादाड मासा धरणाखालीं उतरून वीण करूं लागला. चबला तो ट्राउटहून किती तरी अधिक घातक. त्याचीं पिलें नदीकांठच्या एका आडवळणी डबक्यांत सांपडलीं. तें डबकें पडद्यानें अलग करून राष्ट्रीय उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं त्यांत विष सोडलें. महिना सप्टेंबर, विषाचें नांव रोटेनोन. मधें बरोबर साठ वर्षें गेलीं होतीं. १९६२ च्या कृत्याशीं हें कृत्य आम्ही एका मापानें मोजीत नाहीं. तेव्हां जें होतें तें मारलें, तें आपल्या मनोरंजनाच्या आड येतें म्हणून; आतां आपणच आंत सोडलेलें मारलें, तें दुबळ्याच्या वाटेंतून दूर व्हावें म्हणून. पण पिंप तेंच होतें, आणि डबक्यांतील पिलांच्या दृष्टीनें हेतूंतील फरक कांहीं फारसा नव्हता.

सुदैवानें ह्या नदीवर आणखीहि कांहीं घडलें आहे, आणि तेंच आम्हांला अधिक महत्त्वाचें वाटतें. शहरांत विजेची मागणी वाढली कीं धरण अधिक पाणी सोडतें, मागणी उतरली कीं कमी. त्यामुळें समुद्रापासून इतक्या दूर ह्या नदीला रोज भरती-ओहोटी येते. पाण्याच्या कडेला दगडांवर जे किडे अंडीं घालतात त्यांचीं अंडीं ओहोटींत उघडीं पडून वाळतात, आणि किड्यांवर जगणारे सर्वच मासे उपाशी राहतात. २०१८ सालीं मे ते ऑगस्ट प्रत्येक शनिवारीं व रविवारीं पाणी कमी व स्थिर ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला, अशासाठीं कीं त्या दोन दिवसांत घातलेलीं अंडीं पुढें पाण्याखालींच राहावीं. चिलटांना आठवड्यांतून दोन दिवसांची सुटी! आम्हांला हें वाचून हंसूं आलें, आणि मग बरें वाटलें. २०२४ च्या जुलैंत ह्याहून मोठें पाऊल टाकलें गेलें. धरणाच्या अधिक खोलवरच्या नळांतून थंड पाणी सोडून खालची नदी निववावी, म्हणजे बासची वीण होणार नाहीं, अशी ती योजना. ह्या नळांतील पाणी वीज-चक्रांवरून जात नाहीं. तेव्हां जितकें थंड पाणी सोडावें तितकी वीज बुडते. म्हणजे ह्या वेळीं हप्ता कर्त्याच्या खिशांतून गेला. जी थंडी चबला मूळ शाप होती तीच आतां त्याच्या रक्षणाला बोलवावी लागली, ही विटंबना आहेच. पण गाय तरी शेजाऱ्याची नव्हती.

राहतां राहिला आमचा भाचा. २००३ सालीं लिन स्नेडन ह्या संशोधक बाईनें व तिच्या सहकाऱ्यांनीं रेनबो ट्राउटच्याच ओठांत मधमाशीचें विष व सौम्य आम्ल टोंचून निरीक्षण केलें. ओठांत इजा जाणणाऱ्या मज्जातंतूंचीं टोंकें आढळलीं; आम्ल टोंचलेले मासे टांकींतल्या वाळूवर ओठ घांशीत, आणि पुष्कळ वेळपर्यंत अन्नाला शिवत नसत. माशाच्या मेंदूंत आपल्यासारखें वरचें आवरण नसल्यामुळें ही पीडा त्याला 'जाणवते' असें म्हणतां येत नाहीं, असा प्रतिपक्ष आहे, व तो निर्बुद्ध लोकांचा नाहीं. पण ज्या ओठांतून आपण गळ काढतों त्यांविषयीं शंकेचा फायदा कोणाला द्यावयाचा, हें ठरविण्यास मेंदूचें शास्त्र लागत नाहीं. स्वित्झर्लंडमध्यें २००८ च्या प्राणिरक्षण नियमांनीं सोडून देण्याच्याच हेतूनें मासा धरणें मना केलें आहे. म्हणजे तेथील कायदा मावशींच्या बाजूचा. उलट भाच्याच्या नदीवर रेनबो सोडून देणें हें सभ्य माणसाचें लक्षण, आणि त्याच पाण्यांतील तपकिरी ट्राउट मारून आणणाऱ्यास २०२० सालीं प्रत्येक माशामागें २५ डॉलरांचें बक्षीस लागलें होतें. एकाच गळाला लागणाऱ्या दोन भावंडांत एकाला मुजरा आणि दुसऱ्याच्या शिरावर इनाम!

आम्ही हें सारें भाच्याला कळविलें. त्याचा फोन आला. तो म्हणाला, "मामा, माशालाच विचारा. मावशीआजीच्या कढईंत जायचं कीं माझ्या हातून परत पाण्यांत? आणि आम्हीं गळवाल्यांनीं आरडाओरड केली नसती तर त्या किड्यांची फिकीर कोणाला होती?" दुसरें म्हणणें आम्हांला मान्य करावें लागलें, नदीवर प्रेम करणाऱ्यांत तिच्या कांठीं उभे राहणारेच पुढें असतात. पहिलें आम्ही मावशींच्या कानावर घातलें. त्या निवडलेलीं कोळंबी धूत होत्या. वर न पाहतांच म्हणाल्या, "माशाक इचारशीत तर तो म्हणतलो, गळच टाकू नको."

ह्याला आम्हांपाशीं उत्तर नाहीं. कोळंबीचीहि तीच साक्ष पडेल, हें मावशींना सुचविण्याचें धैर्यहि झालें नाहीं. खाणारा जीव घेतो पण गरजेचा वास्ता देतो. सोडणारा जीव देतो पण ज्या भीतीनें मासा तडफडतो ती भीति हाच त्याच्या खेळाचा गाभा असतो. दोघांत कमी दोषी कोण, ह्याविषयीं आमचें मत आज एका बाजूला झुकतें व उद्यां दुसऱ्या. एवढें मात्र वाटतें कीं, आपल्या आनंदाची किंमत दुसऱ्यानें किती दिली हें खेळणाऱ्यानें निदान डोळे उघडे ठेवून पाहावें. आणि भाचा तें पाहूं लागला आहे. गेल्या महिन्यांत त्याचें पत्र आलें. त्यानें एका गळाचें टोंक पक्कडीनें तोडून टाकलें आणि तशी बोथट माशी पाण्यावर सोडली. मासा वर आला, माशी तोंडांत घेतली, दोरीला झटका बसला आणि दुसऱ्या क्षणीं ती थुंकून तो निघून गेला. दोन दिवस त्यानें असेच मासे उठतांना पाहिले व त्याला फार समाधान वाटलें. तिसऱ्या दिवशीं पुन्हां टोंकाचा गळ बांधला, असेंहि त्यानें प्रामाणिकपणें कळविलें आहे.